सोलापुरात राहून चित्रकलेवर घर कसे चालवावे

कलाशिक्षकाची पदविका किंवा ललित कलेची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पुण्याला जाऊ की मुंबईला? माझे उत्तर गेली अनेक वर्षे बदललेले नाही. राहावे सोलापुरात, रोजची कमाई सोलापुरात करावी आणि स्वतःची चित्रे मात्र बाहेर नेऊन दाखवावीत. मुंबईत एका खाटेपुरती जागा ज्या भाड्यात मिळते, तेवढ्यात सोलापूरच्या पूर्व भागात बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड मिळू शकते. उंच छत, भरपूर उजेड आणि मोठा कॅनव्हास उभा करायला भिंत, हे सारे तिथे आयते असते. खर्च कमी असला की न विकल्या जाणाऱ्या चित्रांवरही वेळ घालवता येतो, आणि चित्रकार घडतो तो त्याच वेळात. पुढे जे लिहिते आहे ते या एका भूमिकेवर उभे आहे. ज्यांना महानगरातच राहायचे आहे त्यांचे हिशेब वेगळे पडतील.

पहिली पायरी: महिन्याचा आकडा

रंगाला हात लावण्याआधी एका कागदावर खर्च लिहून काढावा. समजा घरात द्यायचे २०,००० रुपये, खोलीचे भाडे आणि वीज मिळून ५,००० रुपये, आणि फोन, पेट्रोल, फ्रेमवाल्याकडच्या फेऱ्या असे किरकोळ ५,००० रुपये धरले, तर महिन्याला ३०,००० रुपये लागतात. महिन्यात २५ दिवस काम केले तरी रोजच्या आठही तासांचे पैसे मिळत नाहीत. गिऱ्हाईकाला भेटणे, कॅनव्हास ताणणे, सामान आणणे आणि ब्रश धुणे यांत निम्मा दिवस जातो, म्हणून कमाईचे तास दिवसाला चारच धरावेत. महिन्याचे असे १०० तास होतात आणि तासाचा दर ३०० रुपये निघतो. रंग, कॅनव्हास आणि फ्रेम यांचा खर्च यात धरलेला नाही, तो त्या त्या कामावर वेगळा लावायचा आहे. ३०० रुपयांच्या खाली घेतलेल्या कामात गिऱ्हाईकाच्या चित्राचे उरलेले पैसे तुमच्या घरातून जात असतात.

हातात नोकरी असेल तर सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे वरच्या हिशेबाने १,८०,००० रुपये, बाजूला पडेपर्यंत ती सोडू नये. आपल्याकडे कामाची भरती आणि ओहोटी जवळजवळ ठरलेली असते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत मान वर करायला सवड मिळत नाही, आणि आषाढात फोन वाजत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत घाबरून अर्ध्या दराची कामे घेतली जातात आणि पुढे वर्षभर तोच दर चिकटून राहतो. बाजूला ठेवलेला पैसा आषाढासाठी असतो.

दुसरी पायरी: गावातले काम

फलक रंगवणे, शाळेच्या भिंतीवर चित्रे काढणे किंवा लग्नाची पाटी करणे कमीपणाचे वाटणाऱ्यांनी एवढे आठवावे की मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाला आणि मुंबईत त्यांनी सुरुवातीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. वीस फुटी चेहरा शिडीवर उभे राहून काढणाऱ्याचा हात जसा मोकळा होतो, तसा तो वहीत रेखाटने करून होत नाही.

सोलापुरात मिळण्यासारखे काम पुष्कळ आहे. घरातील वडीलधाऱ्यांची व्यक्तिचित्रे, मंगल कार्यालयांच्या व देवळांच्या भिंती, शाडूच्या गणेशमूर्ती, नाटकाचे नेपथ्य, साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या दिनदर्शिका, डाळिंब आणि द्राक्षांच्या खोक्यांवरची चित्रे ही सारी कामे कोणीतरी करतच असते. यांतली दोनच निवडावीत आणि वर्षभर त्यांतच नाव करावे. ‘सगळे करतो’ म्हणणाऱ्याला कोणत्याच कामासाठी आधी फोन जात नाही. पूर्व भागात तेलुगूत चार वाक्ये आणि अक्कलकोटकडच्या माणसाशी कन्नडमध्ये खुशाली, एवढे जमले तरी गिऱ्हाईक घासाघीस जरा सबुरीने करते, हा माझा अनुभव आहे.

चादर, टॉवेल आणि वॉल हँगिंग यांच्या नक्षीचे काम तर या शहराचे खास काम. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरीही शिकून आलेली मुले त्याकडे ढुंकून पाहत नाहीत याचे मला नवल वाटते. चित्रकाराला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. जॅकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर, विणायचे चित्र आधी ग्राफवर उतरवावे लागते आणि ग्राफवरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. कागदावर तुम्ही मोराची मान एका झोकात काढलेली असते. ग्राफवर तीच मान पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि उभ्या व आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसली तर विणून आल्यावर ती आखूड तरी होते किंवा लांबुडकी तरी. त्यासाठी ग्राफचे चौकोनही धाग्यांच्या प्रमाणातच आखलेले लागतात. कारखानदाराकडे गेल्यावर रंगांचे बोलणे मागाहून काढावे. आधी जॅकार्डला हुक, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या कड्या, किती आहेत आणि नक्षी किती धाग्यांनी पुन्हा यायची आहे हे विचारावे, कारण त्या दोन आकड्यांत बसत नाही ते कितीही सुंदर असले तरी विणले जात नाही. आता हे काम बहुतेक ठिकाणी संगणकावर होते, पण कोणती पायरी ठेवायची आणि कोणती गाळायची हे डोळ्यालाच ठरवावे लागते. असे चार महिने काम केल्यावर माझ्या स्वतःच्या चित्रांतील अनावश्यक तपशील आपोआप गळून पडला, हा वरचा फायदा.

शिकवणीबद्दल थोडक्यात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांमुळे दहावीत वाढीव गुण मिळत असल्याने चित्रकलेच्या वर्गांना मागणी टिकून असते. आठवड्याला दोन तुकड्या पुरेत. तिसरी घेतलीत की तुम्ही चित्रकार राहत नाही, क्लासवाले होता.

तिसरी पायरी: किंमत

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेकांचे गाडे इथेच रुतते. वर काढलेला तासाचा ३०० रुपये दर घ्या आणि १८ बाय २४ इंचांच्या एका व्यक्तिचित्राला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजा. समजा १४ तास लागले, तर मजुरी ४,२०० रुपये झाली. सामान आणि फ्रेम १,८०० रुपयांची धरली, तर बेरीज ६,००० होते. यावर २० टक्के वाढवावेत, कारण एखादे चित्र बिघडते, एखाद्याकडचे पैसे बुडतात आणि प्रदर्शनाचा खर्चही कुठून तरी निघायला हवा. किंमत झाली ७,२०० रुपये. या किमतीत कलेचा भाव अजून आलेलाच नाही. ही फक्त तोटा न होण्याची किंमत आहे.

आता हीच किंमत इतर आकारांना लावायची. चौरस इंचाचा दर हा आपल्याकडे रूढ मार्ग आहे. १८ गुणिले २४ म्हणजे ४३२ चौरस इंच, आणि ७,२०० ला ४३२ ने भागल्यास साधारण १७ रुपये येतात. या दराने ८ बाय १० चे छोटे चित्र १,३६० रुपयांना जाते, ज्यात फ्रेम आणि दोन दिवसांचे कष्ट भरून निघत नाहीत, आणि ३६ बाय ४८ चे मोठे चित्र २९,३७६ रुपयांवर जाते, जे नवख्या चित्रकाराचे कोणी घेत नाही. दुसरा मार्ग लांबी आणि रुंदी यांची बेरीज करण्याचा आहे. १८ अधिक २४ म्हणजे ४२ इंच, दर साधारण १७१ रुपये. या दराने छोटे चित्र ३,०७८ रुपयांना आणि मोठे १४,३६४ रुपयांना बसते. सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत मी हीच बेरजेची पद्धत वापरायला सांगते. पुढे मोठ्या चित्रांना मागणी येऊ लागली की चौरस इंचाकडे वळता येते.

कलादालन विक्रीवर कमिशन घेते आणि ते एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणून बाहेर दाखवायच्या चित्राची किंमत उलट्या बाजूने काढावी. तुमच्या हातात ७,२०० रुपये पडायचे असतील आणि कमिशन एक तृतीयांश असेल, तर पाटीवर १०,८०० रुपये लिहावे लागतात. आणि मग घरी येऊन घेणाऱ्यालाही तेच चित्र १०,८०० लाच द्यावे. कलादालनात एक आणि घरी दुसरा भाव हे कळायला वेळ लागत नाही, आणि कळले की दालन पुन्हा दार उघडत नाही. मामाच्या मुलाला किंवा शेजारच्या काकूंना सवलत द्यायची असेल तर पावतीवर पूर्ण किंमत लिहून त्याखाली सूट दाखवावी, म्हणजे पुढच्या काकूंना तीच सूट हक्काची वाटत नाही.

चौथी पायरी: बोलणी कागदावर

पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दर्शनी भिंतीवर मी बारा फुटी भित्तिचित्र केले. “घरचंच काम आहे की ओ, बघून घेऊ,” एवढ्या शब्दावर सुरुवात झाली होती. मधल्या काळात पदाधिकारी बदलले, पार्श्वभूमीचा रंग चार वेळा बदलला, एका मान्यवरांचा चेहरा पुसून दुसऱ्यांचा आला, आणि शेवटी ठरल्याच्या निम्मे पैसे हाती आले. भांडायला माझ्याकडे कागदच नव्हता. तेव्हापासून एक पान लिहिल्याशिवाय मी पेन्सिलही उचलत नाही.

त्या पानावर आकार, माध्यम, जागा, काम संपण्याची तारीख आणि रक्कम यांशिवाय तीन गोष्टी हव्यातच. कच्च्या आराखड्यात किती बदल मोफत आहेत (मी दोन देते) आणि तिसऱ्या बदलाला किती पैसे पडतील हे आधी लिहावे. पैसे तीन हप्त्यांत घ्यावेत: निम्मे आगाऊ, पाव हिस्सा आराखडा रंगात उतरल्यावर आणि उरलेला पाव हिस्सा चित्र सोपवताना. आगाऊ रक्कम परत होणार नाही हेही स्पष्ट लिहावे. तिसरी गोष्ट चित्राच्या हक्कांची आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढलेले चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. विकत घेणाऱ्याने ते दिनदर्शिकेवर छापायचे ठरवले तर त्याला तुमची लेखी परवानगी लागते. परंतु कोणी मोबदला देऊन खास स्वतःसाठी चित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काम सांगणारा ठरतो. म्हणूनच व्यक्तिचित्राच्या कागदावर ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य घालावे. हक्क द्यायचे असतील तर तेही लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. खोक्यावरच्या चित्राचे पैसे वर्षभरासाठी घेतले आणि मुदत लिहायची राहिली, तर पुढची चार वर्षे फुकट गेली असे समजावे. हक्क विकल्यावरही कलावंताचे नाव आणि कृतीची अखंडता (म्हणजे तिची मोडतोड न होणे) यांवरचा अधिकार शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकण्यात आले तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश दिला.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि ती जरूर करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातलेले आहे. बिलाखाली नोंदणी क्रमांक छापला की कंपन्यांच्या हिशेब विभागात फाइल जरा लवकर हलते. मूर्तिकारांनी कारागिरांसाठीच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचीही चौकशी करावी. २०२३ साली सुरू झालेल्या या योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकाम आहे, चित्रकाम मात्र नाही.

पाचवी पायरी: स्वतःची चित्रे

गावातल्या कामावर घर चालते, पण बाहेर दाखवायला लागते ती एका विषयाची पंधरा-वीस चित्रांची मालिका. एक निसर्गदृश्य, एक गणपती आणि एक अमूर्त अशी सरमिसळ निवड करणाऱ्याला काहीच सांगत नाही. विषय शोधायला दूर जायला नको. सिद्धेश्वर तलावाचे पाणी आणि भुईकोटाच्या भिंती, गिरण्यांच्या चिमण्या, संक्रांतीला निघणारे नंदीध्वज, मागाच्या शेडमधला कापसाच्या धुळीचा उजेड, यांतले एक धरून वर्षभर तेच काढत राहावे. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरतो तेव्हा पाळण्यांच्या रांगेजवळ बसून दहा-दहा मिनिटांची रेखाटने केलीत तर महिन्याभराचा सराव आठवड्यात होतो.

इथला उन्हाळा हा चित्रकाराचा खरा विरोधक आहे. पारा ४२ अंशांच्या वर गेला की ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच सुकतो आणि जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा हात) अर्ध्यात कड धरतो. त्यावर उपाय साधा आहे. पसरट डब्यात ओला स्पंज घालून त्यावर बटर पेपर अंथरावा आणि रंग त्यावर काढावा, म्हणजे तो तासन्‌तास ओला राहतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाच ते नऊ एवढेच रंगकाम करावे आणि दुपार चौकटी ठोकण्यात, हिशेबात घालवावी. पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण झालेली चित्रे दुपारी ठेवू नयेत, हे मी कशावरून सांगते ते पुढे येईलच.

सहावी पायरी: गावाबाहेर

पहिल्याच वर्षी एकल प्रदर्शनाची घाई नको. राज्य कला प्रदर्शन, १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन आणि ललित कला अकादमीचे राष्ट्रीय प्रदर्शन यांना नियमाने चित्रे पाठवावीत. निवड झाली नाही तरी दरवर्षी पाठवावीत, कारण एका निवडीने परिचयपत्राला वजन येते. त्यानंतर पुण्यात बालगंधर्व कलादालनासारखे दालन दोघातिघांत मिळून भाड्याने घ्यावे. मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून असलेल्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज आणि निवड असते आणि तारखेसाठी दीर्घकाळ थांबावे लागते, तेव्हा अर्ज लवकर टाकावा आणि विसरून कामाला लागावे. तिथले मोठे बळ म्हणजे सहज आत शिरणारी माणसे. निमंत्रितांपेक्षा अशा माणसांनीच माझी जास्त चित्रे घेतली आहेत.

‘आंतरराष्ट्रीय कलाभूषण’ छापाचे पुरस्कार प्रवेशशुल्क घेऊन देणाऱ्यांचे संदेश येतील. तुमची निवड झाली असे सांगून लगेच पैसे मागितले जातात तिथे निवड झालेली नसते. समाजमाध्यमांवर चित्र टाकताना दिवसाच्या उजेडातला फोटो, आकार, माध्यम आणि किंमत एवढे पुरे, आणि खरेदीदार म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगत असेल तर फोन बंद करावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

आता बांधाबांध. एकदा मे महिन्यात सहा ॲक्रिलिक चित्रे बबल रॅपमध्ये गुंडाळून, फुगे आतल्या बाजूला ठेवून, मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले. त्याआधी ती बांधलेली चित्रे दिवसभर पत्र्याखाली पडून होती. सकाळी मुंबईत उघडून पाहते तर दोन चित्रांच्या आकाशावर वर्तुळांची रांगच्या रांग उमटलेली, कारण उष्णतेने ॲक्रिलिकचा थर मऊ झाला होता. म्हणून रंगाच्या पृष्ठभागावर आधी बटर पेपर किंवा ग्लासिन कागद घालावा, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टोपडे बसवावे म्हणजे कागदावर काही टेकत नाही, आणि मग बबल रॅप फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळावा. दोन चित्रे समोरासमोर आणि मध्ये पुठ्ठा, बाहेरून प्लायवूडचा तुकडा आणि वर नाव व फोन क्रमांक. प्रत्येक चित्राच्या पाठीवर शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि सही बांधण्यापूर्वीच हवी.

सातवी पायरी: नोंदी

एक वही चित्रांची ठेवावी. प्रत्येक चित्राला क्रमांक, पूर्ण झाल्याची तारीख, विकण्यापूर्वी काढलेला चांगला फोटो, किंमत आणि ते आता कोणाच्या भिंतीवर आहे याची नोंद. दुसरी वही पैशांची आणि तिच्यासाठी बँकेत वेगळे खाते. रंगांच्या, फ्रेमच्या, दालनाच्या भाड्याच्या पावत्या जपल्या तर त्या खर्चात दाखवता येतात. संस्थांनी बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापलेला असतो आणि कर भरण्याइतके उत्पन्न नसले तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. कित्येक चित्रकार केवळ विवरणपत्र न भरल्यामुळे ही रक्कम सोडून देतात. जीएसटीची मर्यादा तुमच्या विक्रीला कशी लागते, विशेषतः परराज्यात चित्रे जाऊ लागली की, ते एकदा सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

तिसरी वही खरेदीदारांची, आणि मी तिला पहिल्या दोन वह्यांइतकेच जपते. प्रदर्शनात चित्र घेणाऱ्याचेच नव्हे, तर एका चित्रासमोर दहा मिनिटे थांबून गेलेल्याचेही नाव, गाव आणि त्याला कोणते चित्र आवडले हे त्याच रात्री लिहून ठेवावे. दिवाळीला त्या सर्वांना हाताने रंगवलेले शुभेच्छापत्र टपालाने पाठवावे, त्यात किमतीचा उल्लेख नको. पुढच्या प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी ज्याला जे आवडले होते त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या चित्राचा फोटो पाठवावा आणि प्रदर्शन उघडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करावा, कारण उद्‌घाटनाच्या संध्याकाळी गर्दीत कोणी चित्र नीट पाहत नाही.